डूडल घ्यायचाय? मग आधी त्याच्या केसांचं बोलू

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घर दर्यापूर तालुक्यात, शेत घराला लागून. पोरगा पुण्यात नोकरीला आहे. तिथं मित्राकडे त्यानं लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि कुरळ्या केसांचा पूडल यांच्या संकराचा कुत्रा, पाहिला आणि आता घरी एक पाठवतो म्हणतो. विकणारा सांगतो की याचे केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, लॅब्राडोरसारखा मायाळू आणि पूडलसारखा हुशार. घरात आईला दमा आहे. शिवाय गोल्डनडूडल, कॉकापू, कॅव्हापू, माल्टीपू अशी पूडलच्याच संकरांची, म्हणजे डूडलांची, नावं वाचून तुमचं डोकं चक्रावलंय, त्यातला आपल्याकडे कोणता टिकेल हेही विचारलंय.

मी मूळचा ढोरांचा डॉक्टर. गाई-बैलांत, शेळ्यांत हयात गेली. पण अलीकडे दवाखान्यात ही कुरळी मंडळीही यायला लागली. कुणाच्या पोराबरोबर पुण्याहून येतात, कुणी वरूडचा संत्रावाला हौसेनं आणतो. त्यांना तपासून, कातरून जे कळलं ते सांगतो. या कुत्र्याचं निम्मं आकर्षण केसांत आहे आणि त्रास तर जवळजवळ सगळा केसांतच. म्हणून निर्णयही तिथूनच करायचा.

आधी ॲलर्जीचं, कारण आईचा प्रश्न पहिला. लॅब्राडूडलचं नाव जगभर झालं ते ऑस्ट्रेलियातून. व्हिक्टोरिया राज्यात अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणारी रॉयल गाइड डॉग्ज ही संस्था आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथं प्रजननाचं काम पाहणाऱ्या वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंची मागणी आली. बाईंना कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. कॉनरन यांनी आधी पूडलच तपासून पाहिले, थोडेथोडके नाही, ३३. वाटाड्याच्या कामाला एकही उतरला नाही. मग लॅब्राडोर आणि स्टँडर्ड, म्हणजे मोठ्या आकाराचा, पूडल यांचा संकर केला, तीन पिल्लं झाली. त्या पिल्लांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. नवऱ्याला चाललं त्यातलं एकच. त्याचं नाव सुलतान.

आता विकणारा ही गोष्ट सांगतो ती सुलतानपाशी थांबवतो. उरलेल्या दोन पिल्लांचं बोलत नाही. एकाच आईबापांची, एकाच वेळची पिल्लं, तरी तिघांपैकी एकच चाललं. आणि तेही त्या एका माणसाला. पुढं खुद्द कॉनरन यांनी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रेडिओवर सांगितलं की हा संकर काढल्याचा आपल्याला पस्तावा होतो, कारण लोक कशालाही पूडल लावत सुटले.

ॲलर्जी केसांनी होत नाही. लाळेत, कोंड्यात, लघवीत असलेल्या प्रथिनांनी होते. त्यातलं मुख्य म्हणजे कॅन एफ १. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, तिची धूळ हवेत जाते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींचे केस तपासले, त्यात लॅब्राडूडल आणि पूडलही होते. त्यांच्या केसांवर हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी तर नव्हतंच, उलट जास्त निघालं. लॅब्राडूडलच्या घरातल्या फरशीवरच्या धुळीत तेवढं कमी सापडलं, हवेत मात्र फरक नव्हता. म्हणजे झाडू मारणाऱ्याला बरं वाटेल, दम्याच्या माणसाला त्याची खात्री नाही.

म्हणून भाऊ, पिल्लू ठरवायच्या आधी आईला छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करून घ्या. दमा आपल्या भागात कपाशीच्या धुळीचा असतो, चुलीच्या धुराचा असतो, सोयाबीन काढणीच्या भुशाचा असतो. कुत्र्याचा असेलच असं नाही. चाचणीत कुत्रा निघाला तर कुठलाच डूडल आणू नका, मग तो कसल्याही संकराचा असो. नाही निघाला तर डूडलच हवा असा हट्टही उरत नाही, साधा लॅब्राडोरही चालेल. तरीही डूडलच आणायचा तर ज्या मोठ्या कुत्र्यांपासून पिल्लू होणार त्यांच्याजवळ आईला दोन-चार वेळा तासभर बसवा. पिल्लाजवळ बसून काही कळत नाही. पिल्लाचे केस वेगळे, मोठेपणीचे वेगळे.

आता हे एफ-वन, एफ-वन-बी काय ते समजून घ्या, कारण भाव त्यावर सांगतात. शुद्ध लॅब्राडोर आणि शुद्ध पूडल यांचं पिल्लू एफ-वन. दोन एफ-वन एकमेकांना लावले तर एफ-टू. एफ-वनला पुन्हा पूडल लावला तर एफ-वन-बी, म्हणजे बारा आणे पूडल. कुत्र्याच्या केसांचं बरंचसं गणित तीन जनुकांवर चालतं, हे २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. एक केसांची लांबी ठरवतं, एक कुरळेपणा, आणि आरएसपीओ२ नावाचं तिसरं तोंडावरच्या दाढी-मिशा. हे दाढी-मिशांचं जनुक असलं की केस गळणंही बरंच कमी होतं. ते एका बाजूनं आलं तरी पुरतं. पूडलकडे ते दोन्ही बाजूंचं असतं, लॅब्राडोरकडे नसतंच. म्हणून एफ-वनच्या साऱ्या पिल्लांना दाढी येते. एफ-टूमध्ये मात्र सरासरी चारातलं एक पिल्लू दाढीशिवाय निघतं, दिसायला अंगभर विस्कटलेला लॅब्राडोर, आणि केस गाळतं ते लॅब्राडोरसारखंच. तेही ‘डूडल’ म्हणूनच विकलं जातं. सहा आठवड्यांच्या पिल्लाचं थोबाड नीट पाहिलं तर हे कळतं: भुवया आणि नाकावरचे केस उभे, विस्कटलेले असतील तर दाढी येणार, नाक गुळगुळीत असेल तर नाही.

एफ-वन-बी महाग, कारण तो कमी गळतो. पण न गळलेला केस जातो कुठं? तो सुटतो खरा, खाली पडत नाही. शेजारच्या कुरळ्यात अडकून बसतो. जेवढा कुरळा जास्त तेवढी जटा जास्त. पोराला हेच सांगा की केस झाडायचं काम वाचतं आणि तेवढंच काम विंचरण्यात जातं, वर थोडं जास्तच.

पिल्लू साधारण सहा महिन्यांचं झालं की पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे यायला लागतात, आणि वर्षाचं होईपर्यंत ते चालतं. माझ्याकडे येणारे बहुतेक डूडल याच वयाचे असतात. मालक म्हणतो, ‘‘रोज ब्रश मारतो जी, पाहा ना कसा फुलला आहे!’’ फुललेला असतोच. पण कानामागं बोटं खुपसली की आत गुंतून घट्ट झालेल्या केसांचा नमदा लागतो. वरवर ब्रश मारलेला डूडल म्हणजे बाहेरून टंच दिसणारं आणि आत बोंडअळी बसलेलं बोंड. काखेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी, मांडीच्या आत, बोटांच्या मधे, या जागा आधी जटतात. जट कातडी ओढत राहते, खाली हवा लागत नाही, पावसाळ्यात तिथं ओल धरते आणि कातडी लाल होऊन पाणी सुटतं. माशी बसली की अळ्या. विंचरायचं ते केसांची भांग पाडून, कातडी दिसेपर्यंत, स्टीलच्या दातेरी कंगव्यानं. कंगवा बुडापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच झालं म्हणायचं. आणि अंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाही. जटेवर पाणी पडलं की ती आणखी आवळते.

जट कात्रीनं कापू नका. हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा. जट ओढली की खालची कातडी तंबूसारखी वर येते आणि कात्रीत जटेबरोबर तीही येते. अशी चिरलेली कातडी मी टाके घालून जोडत असतो, आणि कापणारा दरवेळी घरचाच असतो. चांगली क्लिपर मशीन घ्या. पुण्यात ग्रूमर घरी येतो, दर्यापुरात येणार नाही, आणि अमरावतीला कितीदा नेणार? सगळं अंग नऊ-दहा मिलिमीटरवर ठेवा, वर्षभर. फोटोतला टेडीसारखा गोळा आपल्याकडे जमत नाही, तो मोह सोडायचा. अगदी चामडीपर्यंतही भादरू नका, मेच्या उन्हात पाठ भाजते. पिल्लू तीन महिन्यांचं असल्यापासून मशीन नुसती चालू करून अंगाजवळ धरत जा, पाय हातात घ्या, कानात पाहा. पूडलची बुद्धी इथं कामाला येते. महिन्याभरात ते स्वतःहून टेबलावर उभं राहतं. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्या कुत्र्याला पुढं दरवेळी गुंगी द्यावी लागते.

तसा पूडल हा मूळचा पाण्यातला शिकारी कुत्रा, पाडलेली बदकं पोहून आणणारा. त्याची ती विचित्र वाटणारी कापणीसुद्धा त्यातूनच आली: पोहायला अंग मोकळं, आणि छाती-सांध्यांवर ऊब राहावी म्हणून तिथले केस ठेवलेले. हा आळशी कुत्रा नाही, त्याच्या संकरालाही काम लागतं. दिवसभर साखळीला बांधलेला लॅब्राडूडल भुंकून भुंकून जीव नकोसा करतो.

आता शेतातलं. कुसळीचं गवत वाळलं की त्याचं कुसळ पुढंच सरकतं, मागं येत नाही. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याच्या अंगावर ते टिकत नाही. डूडलच्या पंजातल्या केसांत अडकतं आणि बोटांमधून आत शिरतं. दोन-तीन दिवस कुत्रा पंजा चाटतो, मग बोटांच्या मधे तुरीच्या दाण्याएवढा फुगवटा, त्याला बारीक भोक. चिमट्यानं ओढलं तर आख्खं कुसळ बाहेर येतं, पूमधे भिजून काळं पडलेलं. कानात गेलं तर डोकं एका बाजूला कलतं आणि कुत्रा हात लावू देत नाही. शेतातून आला की चारही पंजे उलटे करून बोटांच्या मधे पाहायचं. पंजाचे आणि कानाच्या तोंडाशी असलेले केस नेहमी बारीक ठेवायचे. गोखरूचंही तेच.

गोचिडांचं जास्त गंभीर. कुरळ्या केसांत गोचीड दिसत नाही, बोटांना लागते. आपल्याकडे गोचिडातून एर्लिकिया, बबेसिया हे ताप पसरतात. कुत्रा खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. लवकर आणलं तर औषध आहे. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लीनचा कोर्स चार आठवडे पुरा करावा लागतो, दोन दिवसांत जेवायला लागला म्हणून सोडायचा नाही. गोचिडांसाठी आता तोंडातून द्यायच्या गोळ्या आहेत, महिना किंवा बारा आठवडे चालणाऱ्या. वजन करून, डॉक्टरांना विचारून द्या. ज्याला फिट येतात त्याला नाही. आणि गोठ्यात ढोरांसाठी ठेवलेलं औषध कुत्र्यावर चालवू नका. लोक सर्रास आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचतात, अंदाजानं. ऑस्ट्रेलियन शेफर्ड किंवा ओल्ड इंग्लिश शीपडॉगच्या रक्तात एक जनुकीय दोष असू शकतो, एमडीआर१, ज्यामुळं हे औषध मेंदूत साठतं. म्हणजे ऑसीडूडल, शीपाडूडल यांना हाच डोस जिवावर बेततो: कुत्रा लडखडतो, लाळ गाळतो, आंधळ्यासारखा भिंतीला आदळतो. कोणत्या दोन जातींचा संकर आहे हे माहीत असणं इथं कामाचं, कागदासाठी नाही.

फवारणीचंही सांगतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली हे आपण विसरलो नाही. त्याच कपाशीतून कुत्रा धावत येतो, औषध केसांवर बसतं, आणि हा अंग चाटतो. लाळ, थरथर, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली की एक मिनिट दवडू नका. आधी साबणपाण्यानं धुवा (हातात मोजे घालून), आणि डबा किंवा त्यावरचं लेबल घेऊन दवाखाना गाठा. औषधाचं नाव कळलं तर उपचार नेमका होतो. फवारणी झाल्यावर काही दिवस त्याला त्या वावरात जाऊच देऊ नका.

उन्हाळा. मेमध्ये अकोला-अमरावतीला पारा ४५ च्या पुढं जातो. कुत्रा माणसासारखा अंगानं घाम गाळत नाही, हापून अंग थंड करतो. फिरवायचं ते पहाटे, नाहीतर रात्री. दुपारी कूलरसमोर, फरशीवर. हाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, पाय लटपटतात, असं दिसलं की दवाखान्यात न्यायच्या आधी साधं पाणी ओता, केस बाजूला करून कातडीपर्यंत पोचेल असं, आणि पंखा लावा. अंग थंड होत असतानाच गाडी काढा. वरून ओली चादर टाकून ठेवू नका, तिच्यानं उष्णता आत कोंडते. जुलैत मात्र कूलर बंद. तेव्हा हवेतच ओल असते, कुरळा केस वाळत नाही. भिजला की टॉवेल आणि ड्रायर. काळ्या मातीचा गारा पंजात वाळून दगड होतो, तो कोमट पाण्यात भिजवून काढायचा, ओढायचा नाही.

प्रकारांकडे येतो, आपल्या भागाच्या नजरेनं. लॅब्राडूडल आणि गोल्डनडूडल हे दोन मोठ्या अंगाचे, माणसाळलेले, पोरांत रमणारे. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि स्टँडर्ड पूडल तिघांतही मागच्या पायाच्या खुब्याचा दोष आढळतो, तेव्हा संकरानं तो जातो असं नाही. डोळ्यांचा पडदा झिजवणारा एक दोष लॅब्राडोर आणि पूडल दोघांत सापडतो. दोन्हीकडून आला तर पिल्लू पुढं आंधळं होतं. ‘संकर म्हणजे निरोगी’ हे ढोरांकडे पाहून म्हणतो आपण, पण इथं ते तितकंसं खरं नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०२४ मध्ये कॉकापू, कॅव्हापू आणि लॅब्राडूडल यांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ आजारांबाबत तुलना केली. बहुतेक ठिकाणी फरकच निघाला नाही. गोल्डनडूडल थोडा हळवा, एकटा सोडलेला खपत नाही.

कॉकापू म्हणजे कॉकर स्पॅनिअल आणि पूडल, या सगळ्यांत जुना, अमेरिकेत १९५०-६० पासूनचा. आकार आटोपशीर, स्वभाव खेळकर. पण लोंबते कान आणि कानात केस, पावसाळाभर कान वाहतो. कॅव्हापू सुरेख दिसतो, पण त्यातल्या कॅव्हेलियर स्पॅनिअलकडून हृदयाच्या झडपेचा आजार येऊ शकतो. माल्टीपू, शिहपू (माल्टीज आणि शिह त्झू यांचे पूडलशी संकर) हे मांडीवरचे. घरातच राहणार असतील तर दर्यापुरातही निभतील, गुडघ्याची वाटी सरकणं आणि दात खराब होणं तेवढं सांभाळा. ऑसीडूडल, शीपाडूडल हे मेंढरं वळणाऱ्यांचे वंशज. काम नाही मिळालं तर घरातल्या पोरांनाच वळायला लागतात, टाचा चावून. बर्नडूडल आणूच नका. त्यातला बर्नीज स्वित्झर्लंडच्या डोंगरातला, त्याला आपली मे महिन्याची दुपार म्हणजे शिक्षा आहे.

तुमच्या घरासाठी मला विचारलं तर सांगेन: आईची चाचणी नीट आली आणि घरात रोज वीस मिनिटं कंगवा धरणारं कुणी एक ठरलं, तर लॅब्राडूडल एफ-वन, कुरळा कमी असलेला, लाटांसारख्या केसांचा. एफ-वन-बीचा जास्त पैसा देऊ नका. आणि गळणारे केस अजिबात नको एवढंच खरं कारण असेल तर शुद्ध पूडलच का नाही? त्याचे केस कसे निघतील हे आधीच माहीत असतं, तीन आकारांत मिळतो, हुशारीत तर फार थोड्या जाती त्याच्या पुढं आहेत. लोकांना तो ‘बायकी’ वाटतो, एवढीच त्याची अडचण. राखणीसाठी म्हणाल तर डूडल चोरालाही शेपूट हलवतो. वावरात आपला गावठीच राहू द्या.

घेताना विकणारा केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद दाखवेल. तो क्लब शुद्ध जातींची नोंद करतो, डूडल ही त्यांच्या लेखी जात नाही. कागद आईबापांचा असेल तर ठीक, पिल्लाचा असेल तर तिथूनच परत या. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं प्रजनन करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आईबाप दोघंही दाखवा म्हणा. त्यांच्या खुब्यांचा एक्स-रे, डोळ्यांच्या दोषाची जनुकीय चाचणी मागा. ‘असं कोणी मागत नाही जी’ असं उत्तर आलं तर जाहिरातीत सांगितलेले पन्नास हजार, लाख तुमच्याच खिशात राहू द्या. मोठेपणी चालताना लंगडला तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था तुम्हाला जवळ आहे, नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

पोराला म्हणा, पार्सल पाठवायच्या आधी स्वतः एक रविवार त्या मित्राच्या कुत्र्याला कातडीपर्यंत विंचरून पाहा. आणि पिल्लू दिवाळीनंतर आणा. थंडीत रुळतं, पार्वो-डिस्टेंपरच्या लसी आणि रेबीजची लस उन्हाळ्याच्या आत होतात, आणि केस बदलायच्या सुमारास, मार्चमध्ये, पहिली कातरणी करता येते. पहिल्या वेळी मशीन घेऊन माझ्याकडे या, पंजे कसे कापायचे ते दाखवतो.